पुढची सीट

गाडी घ्यायची तर डिक्कीवालीच घ्यायची, यावर भोजराज फुंडे ठाम होते. बालाघाटात हल्ली ज्याच्या त्याच्या दारात उंच, फुगीर गाड्या दिसू लागल्या होत्या, पण त्या त्यांच्या डोळ्यांत कधी भरल्या नाहीत. उकव्याच्या मॅंगनीज खाणीत त्यांनी हजेरीबाबू म्हणून सारी नोकरी काढली. तिथे मॅनेजरसाहेबांची गाडी यायची ती लांब, बुटकी, मागे ऐसपैस डिक्की असलेली. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे ती. शिवाय शांताबाईंचे गुडघे होते. उंच गाडीत चढायचं तर त्यांना एकाने वरून ओढायचं आणि एकाने खालून आधार द्यायचा. घरातली जुनी छोटी गाडी आता धूर सोडत होती आणि मागे तिघं बसली की दार लावताना श्वास रोखावा लागे. तेव्हा सेडान घ्यायची हे घरात ठरलं. नवी की जुनी, एवढाच वाद उरला.

मुलगा राजू कलेक्टर ऑफिसात होता. त्याला नवी हवी होती. "बाबूजी, एक बार घ्यायची तर नवीच घेऊ. दुसऱ्याची वापरलेली काहून घ्यायची?"

"घनश्यामची पाह्य तरी आधी," भोजराज म्हणाले. घनश्याम तांदळाचा व्यापारी, गर्ऱ्याला त्याची राइस मिल. त्याने उंच गाडी घेतली होती आणि जुनी सेडान विकायला काढली होती. "जास्त चालली नाही. गाडी घरचीच समज."

"तू सांग ना काही," राजू बायकोकडे वळून म्हणाला.

रूपाली पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या मनानं घ्या. मले कुठं जा लागते त्यात?"

हे वाक्य भोजराजांना लागलं. सून म्हणून रूपालीत नाव ठेवायला जागा नव्हती. घर सांभाळायची, शेजारच्या पोरांची ट्यूशन घ्यायची, शांताबाईंच्या गुडघ्यांना रोज तेल लावायची. पण गाडी काढली की तिचं काहीतरी निघायचं. कटंगीला लग्न असलं की पोरांची परीक्षा, रामपायलीला दर्शनाला जायचं की डोकं दुखतं. माहेरी तिरोड्याला मात्र एकटी रेल्वेने मजेत जाऊन यायची. भोजराजांनी मनाशी पक्कं धरलं होतं की हिला आपल्यासोबत चार लोकांत यायला आवडत नाही. शांताबाईंनाही तसंच वाटे. दोघं एकमेकांशी हे बोललेही होते, आणि बोलून झाल्यावर दोघांनाही बरं वाटलं नव्हतं.

नवी गाडी पाहायला मात्र शांताबाईंनी तिला सोडलं नाही. "मांगं तिघं बसतात का नाही, ते बसल्याबिगर कसं समजन?" नात श्रुतिका शाळेत गेली होती. चौघं शोरूमला गेली.

शोरूमचा पोरगा रजत मोठा गोडबोल्या होता. त्याने दारं उघडून दाखवली, डिक्की उघडून दाखवली, सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. ट्रायलला राजू स्टिअरिंगवर बसला. भोजराज सवयीने पुढच्या डाव्या दाराकडे गेले तर रजत अदबीने म्हणाला, "अंकल, ट्रायल में आगे मुझे बैठना पड़ता है. आप पीछे आराम से बैठिए. इस गाडी का असली मजा तो पीछेच है."

भोजराज मागे बसले. घरच्यांसोबत गाडीत मागे बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. एका खिडकीशी ते, दुसऱ्या खिडकीशी शांताबाई, मधे रूपाली.

"घाटात घ्या सर, इंजन का दम दिखेगा," रजत म्हणाला, आणि राजूने गाडी बैहर रस्त्याला लावली. काचा बंद, एसी चालू, नव्या प्लास्टिकचा आणि रबराचा दरवळ. गांगुलपाऱ्याच्या घाटात वळणं सुरू झाली. राजू आणि रजत गिअरबद्दल बोलत होते, शांताबाई सीटची गादी दाबून पाहत होत्या. सुनेचा खांदा भोजराजांच्या खांद्याला लागत होता, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो थरथरतो आहे. त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं. रूपालीने डोळे घट्ट मिटले होते. चेहरा पांढराफटक पडलेला, ओठांवर घाम. ओढणीचं टोक तोंडाशी धरलेलं आणि मुठीत अर्धं लिंबू.

पुढे आणखी एक वळण आलं. तिने घोट गिळला.

"राजू, थांबव गाडी," भोजराज म्हणाले.

"काय झालं बाबूजी?"

"लघवीले लागली. थांबव."

राजूने गाडी कडेला घेतली. भोजराज दार उघडून उतरले, आणि उतरता उतरता म्हणाले, "रूपाली, ये बरं खाली. उतार हाये, हात दे मले."

रस्त्यापासून चार पावलं आत, सागाच्या झाडांआड, रूपाली ओणवी झाली. भोजराज तिच्याकडे पाठ करून, गाडीतून काही दिसू नये असे आडवे उभे राहिले. मागून आवाज येत होता. तो थांबल्यावर त्यांनी न वळताच खिशातला रुमाल मागे धरला.

"कधीपासून होते असं?"

"लहानपनापासून," रूपाली म्हणाली. "मले गाडी लागते, मामाजी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

तिने रुमालाने तोंड पुसलं. "सांगनार होती. लग्नाच्या दोन-तीन महिन्यानं तिरोड्याहून उकव्याले येताना उलटी झालती, तवाच सांगनार होती. पन आत्याबाईनं त्याच दिवशी पेढे वाटले."

भोजराजांना सगळं आठवलं. तिच्या आत्याबाईंनी, म्हणजे शांताबाईंनी, वाटलेले ते पेढे त्यांनीच आणले होते, उकव्याच्या बसस्टँडवरून. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावरही नेऊन दिले होते.

"कॉलनीतल्या बाया पोटाले हात लावून गेल्या," रूपाली सांगत होती. आवाजात तक्रार नव्हती, दम लागला होता एवढंच. "मंग मी कोनत्या तोंडानं सांगू का ते गाडीचं होतं म्हनून? श्रुतिका होयपर्यंत जो तो इचारे, तवाचं काय झालं. मंग मी ठरवलं, गाडीत बसाचंच नाही."

"रेल्वेत नाही होत?"

"नाही. अन् पुढं बसलं तरी नाही होत. भावाच्या गाडीत मी पुढंच बसत होती. रस्ता दिसला का बरं राह्यते."

"मंग आपल्या गाडीत..." भोजराज बोलायला गेले आणि वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. आपल्या गाडीत पुढे कोण बसतं, हे सांगायची गरज नव्हती.

"आत्याबाईले नका सांगू," रूपाली म्हणाली. "त्याईले वाईट वाटन."

घरी आल्यावर भोजराज कुणाला काही बोलले नाहीत, पण पुढचे काही दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. लगेच मोठ्या मनाने जागा सोडून द्यावी, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. उलट वाटलं ते चमत्कारिकच. ती सीट आपली आहे, असं वाटलं. खाणीत असताना ते ट्रकच्या मागे, जीपच्या मागे, मिळेल तिथे बसून फिरले होते. रिटायर झाल्यावर ऑफिस गेलं, क्वार्टर गेलं, हजेरीबाबू म्हणून हाक मारणारी माणसं पांगली. उरली ती पोराच्या बाजूची ही जागा. तिथे बसून ते राजूला हळू घे, हॉर्न मार असं सांगत. चौकातला ओळखीचा माणूस काचेतून हात जोडे, तेव्हा तो नमस्कार त्यांना असे. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला कोण नमस्कार करतं?

त्यांनी दुसरा रस्ता शोधून पाहिला. रजतला फोन करून विचारलं, मागे बसून मळमळणार नाही अशी एखादी गाडी आहे का. रजत म्हणाला, "अंकल, वरच्या मॉडेल में पीछे भी एसी आता है." भोजराज खूश झाले. राजूला म्हणाले, मागे एसी असलेली पाहू. राजूला वाटलं, बाबूजींना ऐष सुचते आहे. पण संध्याकाळी श्रुतिकाने सहज सांगितलं, "आबाजी, एसी से मम्मी को कुछ फरक नही पड़ता. हमारी मिस भी बस में आगेच बैठती है. बाहर दिखना चाहिए." म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. आपल्यालाच नव्हतं.

त्या रविवारी घनश्यामच्या मिलवर जायचं होतं. रूपाली म्हणाली, "ट्यूशनची पोरं येतीन."

"पोराईले उद्या बोलाव," भोजराज म्हणाले. "आज सगळे जाऊ." ऑटोने गर्ऱ्याला गेले.

घनश्यामने चहा पाजला आणि किल्ली राजूच्या हातात ठेवली. "घेऊन जा. मन भरेपर्यंत चालवा, संध्याकाळी आना." गाडी करड्या रंगाची होती. दारावर एक लांबट ओरखडा, सीटची कव्हरं थोडी बसलेली. भोजराजांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि वास घेतला. नव्या गाडीचा तो उग्र दर्प इथे राहिला नव्हता.

शांताबाईंनी नेहमीसारखं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. भोजराज तिथे क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "रूपाली, तू बस पुढं."

"नाही मामाजी, तुम्ही बसा," ती घाईने म्हणाली. राजू बापाकडे पाहतच राहिला.

"सून पुढं अन् सासरा मांगं?" शांताबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

"आमचे मॅनेजरसाहेब उभ्या जन्मात पुढं बसले नाही. मांगं बसत ऐटीत. ड्रायव्हरच्या बाजूले चपराशी बसे."

"मंग आजपर्यंत तुम्ही काय चपराशी होते?"

रूपालीला हसू आवरलं नाही. श्रुतिका तर खिदळतच मागच्या सीटवर मधे जाऊन बसली. भोजराजही हसले, आणि त्या हसण्यात सगळे आपापल्या जागी बसून गेले.

राजूने पुन्हा घाटाकडेच गाडी घेतली. मागून रस्ता नीट दिसत नव्हता. राजूची मानगूट दिसे, केसांत पांढरं डोकावू लागलेलं दिसे. दोनदा भोजराज "ब्रेक, ब्रेक" म्हणाले, पण ते पुढे पोचलं नसावं. आणि मग त्यांना एक नवीच गोष्ट कळली. शांताबाई प्रवासभर बोलतात. अमक्याच्या बांधीत धान किती चांगलं उभं आहे, तमक्याने घराला रंग दिला, या वळणावर मागे बोराचं झाड होतं ते तोडलं वाटतं. हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं. इतकी वर्षं त्या अशाच बोलत आल्या असतील, आणि पुढे बसून त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"कोनतं झाड?" त्यांनी विचारलं.

शांताबाई दचकल्या. मग नातीच्या पलीकडून बोट करून दाखवू लागल्या.

पुढे रूपाली ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. पहिली दोन वळणं गेली, तिसरं गेलं. तिने काच थोडी खाली केली. मग तिचे खांदे सैल झालेले भोजराजांनी पाहिले. घाटमाथा आला तशी राजूने वळवण्यासाठी गाडी हळू केली, तर ती म्हणाली, "एवढ्यात काहून परतता? उकव्यापर्यंत घ्या ना. हा घाट मी कधी धड पाह्यलाच नाही."

राजूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू शेजारी कुणी अनोळखी बाई बसली आहे.

परतल्यावर राजूने एकदा म्हणून पाहिलं, "पण बाबूजी, लोक म्हनतीन पुरानी घेतली."

"हीच घेऊ," रूपाली म्हणाली. एवढंच. नव्या गाडीला वास येतो, हे तिने सांगितलं नाही, आणि पुढे कुणी विचारलंही नाही. घरातल्या मोठ्या गोष्टीत तिने स्वतःहून शब्द टाकण्याचा हा पहिलाच प्रसंग, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. गाडी घनश्यामकडून घरी आली.

गाडी आल्यावर पहिलं जाणं रामपायलीला, दर्शनाला. त्यासाठी भोजराजांच्या थोरल्या बहिणीचे मालक, दादाजी, मुद्दाम गावाहून आले होते. घरचे थोरले जावई; त्यांच्या मानात कधी उणं पडलेलं नव्हतं. गाडीला हार घालून झाला, नारळ फोडून झाला. श्रुतिकाची परीक्षा होती म्हणून ती घरी राहिली. दादाजींनी धोतर सावरलं, पुढचं दार उघडलं आणि बसायला पाय आत टाकला. ते दुसरीकडे बसतील असं कुणाच्या मनात आलं असतं तरच नवल.

सुनेसाठी आपण स्वतः मागे बसणं निराळं, पण जावयाला उठवायचं कसं? सुनेने सांगू नका म्हटलेलं. त्यांनी तोंड उघडलं, "भाऊजी, ते असं हाये..." आणि अडले.

"मोठे मामाजी," रूपाली म्हणाली. ती दारापाशी येऊन उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तिने सावरला, पण नजर खाली केली नाही. "मले मांगं बसलं का उलट्या होतात. गाडी लागते मले, पहिलेपासून. तुम्ही मांगं बसान का?"

दादाजी एक पाय गाडीत आणि एक पाय बाहेर असे थांबले. शांताबाई सुनेकडे पाहू लागल्या, पाहत राहिल्या. काहीतरी जुनं त्यांच्या डोळ्यांसमोर जुळत चाललं होतं, हे भोजराजांना दिसत होतं.

"पहिलेपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"हौ, आत्याबाई."

"अन् मी समजत होती का तुले आमच्यासंगं यायचं जीवावर येते."

रूपालीचे डोळे भरून आले. तिने मान हलवली, नाही म्हणून.

दादाजींनी पाय बाहेर काढला. "मंग पह्यलेच सांगावं ना पोरी," ते कुरकुरले, पण त्यात राग नव्हता. "मले का, कुठंही बसवा. फक्त खिडकी द्या."

खिडकी त्यांना मिळाली. दुसरी शांताबाईंच्या गुडघ्यांसाठी लागायचीच. भोजराज मधे बसले, दोघांच्या मधे अंग चोरून, गुडघे वर काढून. तिथून त्यांना आरशात राजूचं कपाळ आणि समोरच्या काचेत रस्त्याची एक अरुंद फट, एवढंच दिसत होतं. गाडी गल्लीतून निघाली. चौकात पानठेल्यावरच्या भैयालालने नेहमीच्या सवयीने पुढच्या काचेकडे पाहून हात जोडले. रूपाली गोंधळली, मग तिनेही हात जोडले.

"कोन होता?" मागून भोजराजांनी विचारलं.

"भैयालाल," ती म्हणाली. "तुम्हाले नमस्कार केला."

वैनगंगेच्या पुलावर राजूने गाडी हळू केली. शांताबाईंनी पुढे वाकून सुनेच्या सीटला हात लावला. "बरं वाटते ना?"

"बरं वाटते," रूपाली म्हणाली, आणि काच पूर्ण खाली केली.