स्मार्ट कुलपाची फजिती

मी कुलूप बोलतोय. किल्लीचं नव्हे, आकड्यांचं. मी स्मार्ट आहे असं माझ्या खोक्यावरच छापलेलं होतं, आणि बरेच दिवस मलाही ते खरं वाटत होतं.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, साकेतने मला बसवून घेतलं. तो आणि त्याची बायको उत्तरा दिवसभर ऑफिसात. घरी फक्त साकेतचे वडील, अण्णा. डोंबिवलीची जागा सोडून नुकतेच इथे आलेले. त्यांचं नाव हरिहर, पण वॉचमनपासून लिफ्टमधल्या माणसांपर्यंत सगळे त्यांना फ्लॅटच्या नंबरावरून 'फोर्टीन झिरो थ्री' म्हणायचे. मला त्यात काहीच खटकलं नाही. मला तरी आकड्यांपलीकडे काय कळतं?

अण्णा बोटाचा ठसा लावून ये-जा करायचे. एका दुपारी भाजी चिरताना नेमकं तेच बोट कापलं. पट्टी बांधून त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले. वाऱ्याने दार आपटलं. मी तत्परतेने बंद झालो.

पट्टीतून मला ठसा दिसेना. अण्णांनी आकडे दाबायला सुरुवात केली. साकेतचा वाढदिवस. चूक. उत्तराचा. चूक. गेलेल्या बायकोचा. चूक! मग तीन चुकांच्या नियमाप्रमाणे मी काही मिनिटं रुसून बसलो. आत दूध उतू गेलं, गॅस विझला आणि वास दाराखालून बाहेर यायला लागला.

"अरे उघड रे! मी घरातलाच आहे!" अण्णा मला धपाधप मारत होते. शेवटी त्यांनी शेजारची बेल वाजवली. पायल नावाची मुलगी गळ्यात हेडफोन अडकवून बाहेर आली.

"फोर्टीन झिरो थ्रीवाले काका ना? काय झालं?"

"हरिहर म्हणतात मला. अगं, आत गॅस चालू राहिलाय!"

तिने सोसायटीच्या ग्रुपवरून साकेतचा नंबर शोधला आणि फोन स्पीकरवर टाकून माझा आकडा विचारला.

"अण्णा, तुमचीच जन्मतारीख आहे!"

"माझी?" अण्णांनी चोवीस ऑगस्ट दाबली. मी म्हणालो, चूक.

"ती नाही हो, आधारवरची! एक जून!"

"अरे, ती शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली!"

"अण्णा, आधी दाबा!"

दाबली. मी लगेच उघडलो, वर गोड आवाजात 'वेलकम'सुद्धा म्हणालो. मास्तरांनी ठोकून दिलेला हरिहर मी झटकन ओळखला. खरा समोर घाम पुसत उभा होता, त्याला मी हाकलत होतो.

पायलने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. अण्णा खुर्चीत बसले. उतू गेलेल्या दुधाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"साकेतने माझी तारीख ठेवली," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

"नशीबवान आहात काका. आमच्याकडे वाय-फायच्या पासवर्डला मांजराचं नाव आहे."

आता दिवसा अण्णा दारात पायपुसणं सरकवून ठेवतात. पायल 'हरिहरकाका' अशी हाक मारत सरळ आत येते. मला कुणी काही विचारत नाही.

एकच विनंती. माझ्यासारखा कुणी तुम्हाला 'चूक' म्हणाला, तर स्वतःवर शंका घेऊ नका. आम्हाला फार कळत नाही हो. सरळ शेजारची बेल वाजवा. आणि जमलं तर साकेतला सांगा, माझे सेल संपत आलेत. कालपासून लाल दिवा लावून ओरडतोय, पण दार उघडंच असतं, त्यामुळे कुणाचं लक्ष नाही.