भाऊ बाजूला बसायचे

संचिता नावाच्या मुलीचा फोन आला तेव्हा क्षिप्रा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडली होती. अनोळखी नंबर ती सहसा उचलत नसे. पण गाडी जागची हलत नव्हती, म्हणून उचलला.

"मॅम, तुम्ही क्षिप्रा बर्वे ना? मी पेपरमधून बोलतेय. लॉकडाऊनला आता पाच वर्षं होतायत, त्यावर पुरवणी काढतोय आम्ही. तेव्हा तुमच्या फॅमिलीवर आमच्याकडे एक फीचर आलेलं. 'घरं लांब, मनं जवळ'. आठवतंय?"

क्षिप्राला चांगलंच आठवत होतं. दोन हजार वीसच्या मे महिन्यात ते छापून आलं होतं. घरोघरी पेपर टाकणं बंद होतं, त्यामुळे सगळ्यांनी ते फोनवरच वाचलं आणि एकमेकांना पाठवलं. तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांची रांग लागली होती. ठाण्यात क्षिप्रा, तिचा नवरा सलिल आणि पाच वर्षांची उर्वी; डोंबिवलीत टिळकनगरला तिचे आईवडील. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेंड्या. चौकटींमध्ये हसणारे चेहरे. क्षिप्राचं वाक्य ठळक अक्षरांत होतं: 'भेटायला न जाणं हेच आत्ता खरं प्रेम.'

"तीच फॅमिली आज कशी आहे, असं करायचंय," संचिता म्हणाली. "थोडं पॉझिटिव्ह. तुम्ही सगळे एकत्र, एक फोटो."

नाही म्हणायला हवं होतं. आई आता फोटोला बसण्याच्या अवस्थेत नव्हती. पण गेली काही वर्षं लॉकडाऊनबद्दल कुणी काही विचारतच नव्हतं. ऑफिसात विषय निघाला तरी लोक केक, वेब सिरीज आणि स्वच्छ हवा यांच्या गप्पा मारून मोकळे व्हायचे. कुणी तरी नीट विचारतंय, याचंच तिला बरं वाटलं असावं.

"रविवारी डोंबिवलीला या," ती म्हणाली. "पण आई आजारी असते हं. तिला गोष्टी आठवत नाहीत. भाऊ बोलतील."

भाऊ म्हणजे तिचे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून तीही. कल्याणजवळ मोहने इथल्या कारखान्यात प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केलेली, त्यामुळे आकड्यावर त्यांचा फार विश्वास. लॉकडाऊनमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यात रुग्णांचा आकडा वाढत असायचा, तो ते सकाळपासून रात्रीपर्यंत बघत बसायचे. आई, म्हणजे नीलाताई, शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचे पाय घरात ठरत नसत. भाजी घ्यायला गेल्या की भाजीवालीच्या मुलीच्या दहावीपर्यंत सगळी चौकशी करून यायच्या.

क्षिप्राने त्यांचं हे बाहेर पडणं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. ती तेव्हा नियम पाळणाऱ्यांतली होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. डोंबिवलीच्या बाजारातली गर्दी टीव्हीवर दिसली की ती क्लिप ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायची, 'हे लोक सुधारणार नाहीत.' आईवडिलांचं सामान ती ठाण्यातून ऑनलाइन मागवून द्यायची. पिशव्या पुसून घेतल्या का, हे फोन करून विचारायची.

आणि जुलैमध्ये, कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला असताना, सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला. आईवडिलांच्या वतीने क्षिप्राही त्या ग्रुपवर होती. फोटोत सोसायटीच्या गेटपाशी आई उभी होती. तोंडाला मास्क नाही. शेजारी मीराबाई भाजीवाली. तिने आईचा हात हातात धरलेला. खाली सेक्रेटरीने लिहिलं होतं, 'ज्येष्ठ नागरिकांनी तरी नियम पाळावेत ही विनंती.'

क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनच महिन्यांपूर्वी ती पेपरात झळकली होती. तिने लगेच फोन लावला.

"आई, तुला एवढं कळत नाही का? भाजी पाठवतेय ना मी? आयुष्यभर पोरांना शिस्त शिकवलीस आणि आता हे? उद्या तुला काही झालं तर मी येऊसुद्धा शकणार नाही, कळतंय का?"

मग आई म्हणाली, "चुकलं माझं."

त्यानंतर लॉकडाऊन संपेपर्यंत आई कधी खाली उतरली नाही. क्षिप्राला ते ऐकून हायसं वाटलं होतं. दिवाळीला ती डोंबिवलीला गेली, पण मास्क लावून दारातच थोडा वेळ उभी राहिली, फराळाचा डबा ठेवला आणि निघाली. आई नुसती हसत होती. पुढे दुसरी लाट आली. लशी घेऊन झाल्यावर ती एकदाची घरात शिरली, आईच्या गळ्यात पडली, आणि आईने भाऊंकडे बघून विचारलं, "या कोण?"

डॉक्टर म्हणाले, हा आजार होणारच असेल तर होतो. कोंडून राहिल्याने वाढला का, हे कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. त्या वाक्यावर क्षिप्राने इतकी वर्षं दिवस काढले होते.

रविवारी संचिता वेळेवर आली. चुणचुणीत मुलगी होती, कॉलेज संपवून फार दिवस झाले नसावेत. सलिल उर्वीला तिच्या क्लासला घेऊन गेला होता, त्यामुळे क्षिप्रा एकटीच आली होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी. भाऊच रोज तिचं सगळं करायचे. "तुम्ही चहा घेणार ना?" आईने संचिताला विचारलं, आणि चहा पुढ्यात आल्यावर पुन्हा विचारलं.

संचिताने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. "काका, ते व्हिडिओ कॉल आठवतात? भेंड्या खेळायचात ना तुम्ही सगळे?"

"खेळायचे ते हे लोक," भाऊ म्हणाले. "मी बाजूला बसायचो."

"म्हणजे?"

"फोनमध्ये दिसणार नाही असा, हिच्या खुर्चीला लागून. अक्षर आलं की मी हळूच ओळ सांगायचो. ओळ सांगितली की पुढचं सगळं हिला यायचं बरं का. चालीसकट. सुरुवात तेवढी सापडायची नाही."

क्षिप्राने कप खाली ठेवला. तिला ते आठवलं. अक्षर दिल्यावर आई थोडा वेळ गप्प बसायची, बाजूला बघायची. सलिल हसून म्हणायचा, "गेलं, डोंबिवलीचं नेटवर्क गेलं." सगळे हसायचे. मग आई गायला लागायची, आणि नेटवर्क आलं म्हणून सगळे पुन्हा हसायचे.

"भाऊ, हे कधीचं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासूनचंच म्हण. मे महिन्यापासून तर नक्की."

"मे? दोन हजार वीसच्या?"

"आधी मला वाटलं, घरात बसून होतंय. आज वार कोणता, हे तेव्हा मलाही कळत नसे. म्हटलं, जाईल. मग ती कुकर तीनतीनदा लावायला लागली."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय केलं असतंस? निघाली असतीस पास काढून. इकडे टीव्हीवर दिवसभर तेच. मुलगा भेटायला आला आणि आईवडील गेले. लहान मुलांना धोका. मला वाटलं, थोडे दिवस ओढून नेऊ. उघडलं की सांगू. ते उघडतंय उघडतंय म्हणेपर्यंत वर्ष गेलं."

"डॉक्टरशी फोनवर तरी बोलता आलं असतं. मी बोलले असते."

"हो. आलं असतं." भाऊंनी मान हलवली. मग संचिताकडे न बघता म्हणाले, "त्या फोटोनंतर तर मला धीरच झाला नाही."

"कुठला फोटो?" संचिताने विचारलं.

मग भाऊंनीच सांगितलं. सरळ, एखादा प्रयोग कसा झाला ते सांगावं तसं. त्या दिवशी नीलाताई भाजीला गेल्याच नव्हत्या. भाऊ अंघोळीला गेले असताना त्या साडी बदलून, पर्स घेऊन शाळेत निघाल्या होत्या. शाळा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाजीप्रभू चौकात त्या उभ्या होत्या, घर कुठल्या बाजूला हे आठवत नव्हतं. मीराबाई कुठून तरी टोपली घेऊन चालली होती, तिने ओळखलं आणि हाताला धरून घरी आणून सोडलं. गेटपाशी कुणी तरी वरून फोटो काढला.

"मास्क लावायचा असतो, हेही ती विसरली होती," भाऊ म्हणाले. "तू फोनवर रागावलीस तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी तिला म्हटलं, सांगून टाकू या. ती म्हणाली, नको, ती आणखी चिडेल."

क्षिप्राला फोटो पुन्हा बघायची गरज नव्हती. धरलेला हात तिने तेव्हाही पाहिला होता. पाहून तिच्या मनात एवढंच आलं होतं की भाजीवालीला शिवली, आता हात धुतले असतील का.

संचिताने रेकॉर्डिंग बंद केलं. "मॅम, हे मी लिहू का?"

"लिही," क्षिप्रा म्हणाली.

"लिहा," भाऊ आईकडे बघत म्हणाले. "पण हिचं नाव नको."

फोटो काढायचा राहिला. संचिता गेल्यावर घरात बसवेना, म्हणून क्षिप्रा आईला म्हणाली, "चल, खाली एक चक्कर मारू." भाऊंबरोबर आई हल्ली कधी कधी खाली उतरायची. आई उठली, चपला घातल्या. जिन्यावर क्षिप्राने तिचा हात धरला.

"तुम्ही फार चांगल्या आहात," आई म्हणाली. "कुठे असता?"

"ठाण्याला."

"हो का? आमची मुलगीपण ठाण्याला असते. मोठ्या नोकरीत आहे." दोन पायऱ्या उतरून ती हळू आवाजात म्हणाली, "मी बाहेर पडलेलं तिला आवडत नाही हो."

"आता आवडतं," क्षिप्रा म्हणाली. "आता तिने सांगितलंय, आईला फिरू द्या म्हणून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बोलणं झालं आमचं."

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाची सबब ऐकताना पाहत असेल तसं. ती तळमजल्यापर्यंत आली, गेट दिसल्यावर मात्र थांबली. "नको," ती म्हणाली. "उगाच तिच्या जिवाला घोर. वरच जाऊ."

क्षिप्राने पुष्कळ समजावलं. पण आई वळली होती.

पुरवणी आली ती रंगीत, जाड कागदावर. संचिताचा आदल्या दिवशीच फोन आला होता. तिने लिहिलं होतं, पूर्ण लिहिलं होतं, पण पेपरच्या संपादकीय डेस्कवर म्हणाले की लोकांना आता हे नको आहे. क्षिप्रा तिच्यावर रागावली नाही. आतल्या पानावर एका चौकटीत डोंबिवलीच्या एका आजी-आजोबांनी लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल शिकून घेतला, एवढं छापलं होतं. ऑफिसात कुणी तरी ती पुरवणी टेबलावर पसरून म्हणालं, "काही म्हणा, ते दिवस तसे शांत होते." क्षिप्राने तिचा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

भाऊंशी ती कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. औषधं आली का, कामाच्या बाईने सुट्टी घेतली का. रागही होता, आणि त्या रागाला बसायला जागा नव्हती. एका संध्याकाळी ती गाडीत असताना त्यांनीच फोनवर विचारलं, "माझ्यावर चिडली आहेस का?"

"तुमच्यावर नाही."

"चिडलीस तरी चालेल. माझं चुकलंच. मी आकडे बघत बसलो आणि माणूस बघायचं राहिलं."

तिचंही चुकलं होतं, हे त्याच वेळी म्हणायला हवं होतं. पण मागून हॉर्न वाजला, गाडी पुढे घ्यावी लागली, आणि "नंतर बोलते" म्हणून तिने फोन ठेवला. नंतर बोलताना ते निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही.

ऑफिसातून तिने बुधवारचा दिवस घरून काम करायला मागून घेतला आणि तो डोंबिवलीला काढायला लागली. सकाळी येते, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते. आई समोरची खुर्ची ओढून बसते आणि तिच्या मीटिंगा ऐकते. मधेच चूक काढते. 'मी बोलली' नाही, 'मी बोलले' म्हणा. क्षिप्रा मान डोलावते आणि माइक बंद करते.

मागच्या बुधवारी मीटिंग लांबली. माणसं एकमेकांना तोडून बोलत होती, क्षिप्राचा आवाज चढला होता. संपल्यावर तिने हेडफोन काढून ठेवले आणि डोळे मिटले.

"कुठल्या इयत्तेला शिकवता तुम्ही?" आईने विचारलं.

"सातवीला," क्षिप्रा म्हणाली.

"सातवी अवघड," आई म्हणाली. "ओरडू नका त्यांच्यावर. ओरडलं की पोरं सांगायची बंद होतात."

"हो," क्षिप्रा म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.