दाईमाँचा शेवटचा एपिसोड

आमच्या लीलावहिनीला लोक ओळखायला लागले ते ती भूत झाल्यावर. जन्मभर ती शाळेत भूगोल शिकवत होती, गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात कामं करत होती, माझ्या भावाचा, शामदादाचा, डबा भरत होती. तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दादा गेला आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. तेवढ्यात इंदूरबाहेर गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर एका जुन्या कोठीत हिंदी सीरियलचं शूटिंग सुरू झालं. त्यांना एक म्हातारी हवी होती.

दाईमाँ, म्हणजे मेलेली सुईण. कोठीत एक भुताळी राणी होती, तिच्यासाठी ही नवजात बाळं पळवायची. काम चार एपिसोडचं. बाळंतिणीच्या पलंगाशी वाकायचं, दोन्ही हात पुढे करायचे आणि म्हणायचं, "ला, मेरी गोदी में दे." वहिनीने ते इतक्या मायेने म्हटलं की बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला. चार एपिसोडचं वर्ष झालं. लेखक अर्पित, इंदूरचाच. त्याने दाईमाँला मेलेलं मूल दिलं, राणीशी भांडणं दिली, कोठीच्या सुनेवर चोरून माया करायला लावली. राणी नटूनथटून किंचाळत राहिली आणि लोक म्हातारीची वाट बघायला लागले. वहिनी पुन्हा पोटभर जेवायला लागली, माझ्याशी भांडायला लागली. भाजीवाला "दाईमाँ, एक सेल्फी" म्हणायचा आणि ती कोथिंबीर फुकट घेऊन यायची. मला फार बरं वाटायचं.

मग वहिनीच्या एकुलत्या मुलाला, निशांतला, मुलगी झाली; त्याची बायको स्पृहा. पहिलं बाळंतपण माहेरी, गावातच, अन्नपूर्णा भागात. आम्ही दोघी तुकोगंजच्या घरून अळिवाचे लाडू घेऊन गेलो. स्पृहाची आई मधुरिमाबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी लाडू घेतले आणि खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"लीलाजी, बुरा मत मानना हं. पण तुम्ही रोज टीव्हीवर बाळं उचलता. आता बाळंतिणीच्या खोलीत... मन नाही ना मानत. इथूनच बघा."

"अहो, ते नाटक आहे," वहिनी म्हणाली.

"मालूम आहे हो. पण शकुन-अपशकुन काही असतो की नाही? बारशाला पण मग तुम्ही पाळण्यात कसं घालणार? तो रोल संपला असता तर बात अलग होती."

दारातून दुपटं तेवढं दिसलं. स्पृहाने डोळे मिटून घेतले होते. झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या हलत नाहीत. निशांत आम्हाला सोडायला खाली आला. "आई, जाऊ दे ना यार. खालीपीली इश्यू नको." माझा भाचा लहानपणापासून असाच, वारा येईल तशी पाठ फिरवणारा.

रिक्षात मी तोंडसुख घेतलं. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "अमिता, हे म्हणायचे, नातवंड झालं की पाळण्यात तू घालायचं. ते तर नाहीत. मला एकदा त्या पोरीला हातात घेऊन पाळण्यात घालू दे, मग काही नको."

"आणि दाईमाँ?"

"ती काय, भूतच आहे."

वहिनी अर्पितला रोल संपवायला सांगायला गेली, तेव्हा मीही बरोबर गेले होते. तो आधी हसला, मग त्याने डोक्याला हात लावला. "आंटी, भूत सुधरलं की मरतं, हा रूल आहे. अच्छी दाईमाँ कौन देखेगा? आणि इन्सान मेला तर मी परत आणतो, जुळी बहीण आणतो. भूत जळलं तर खतम. परत नाही आणू शकत, सोच लो."

"जाळ," वहिनी म्हणाली.

पोरगा गुणी, त्याने जीव ओतून लिहिलं. दाईमाँ सुनेचं बाळ उचलते, कोठीमागच्या बावडीपर्यंत, त्या जुन्या विहिरीपर्यंत, नेते, राणी हात पुढे करते, आणि म्हातारी मागे फिरते. बाळ आईच्या ओटीत घालते. "ले, आज तेरी गोदी में देती हूँ." मग राणी तिला जाळते. वहिनीने एका टेकमध्ये दिलं. कॅमेरावाला डोळे पुसत होता. त्या युनिटमध्ये रीत होती, पडद्यावर मेलेल्याला पेढा भरवायचा, म्हणजे अपशकुन धुतला जातो. वहिनी पेढा खात मला म्हणाली, "बघ, यांचा अपशकुन पेढ्याने जातो. किती बरं आहे." त्याच संध्याकाळी तिने मेकअपचा डबा मोलकरणीच्या मुलीला देऊन टाकला.

तो एपिसोड बारशाच्या आदल्या दिवशी लागला. सगळ्या इंदूरने पाहिला म्हणा ना.

बारसं अन्नपूर्णाच्याच एका हॉलमध्ये होतं. वहिनीने मोतिया रंगाची साडी नेसली, हाताने शिवलेली कुंची घेतली. दारातच बायकांनी घेरलं. "काय रडवलंत हो!" "दाईमाँ, तुसी ग्रेट हो!" मधुरिमाबाईंनी तर मिठी मारली. "आमच्यासाठी केलंत, माहीत आहे मला." वहिनी लाजली. दादा गेल्यानंतर तिला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पाळणा फुलांनी सजला होता. स्पृहा बाळ घेऊन आली. वहिनी उठली, पदर खोचला, पाळण्याशी गेली आणि तिने हात पुढे केले.

"तुम्ही बसा ना, लीलाजी," मधुरिमाबाई म्हणाल्या. "दमला असाल. पाळण्यात घालायला सवाष्ण लागते."

वहिनीचे हात तसेच राहिले. "पण तुम्ही म्हणाला होतात, रोल संपला की..."

"ते आपलं असंच हो. तोंडावर कसं सांगायचं, विधवा आहात म्हणून? कितना बुरा लगता तुम्हाला."

हे त्या खरोखर प्रेमाने म्हणाल्या. मला त्यांचा तेव्हा जितका राग आला तितका जन्मात कुणाचा आला नसेल. मी निशांतकडे पाहिलं, तो फुगे नीट करत होता. स्पृहाने बाळ आईच्या हातात दिलं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू झालं. मधुरिमाबाई आणि त्यांची शेजारीण पाळण्याच्या वरून-खालून बाळ देत-घेत राहिल्या, मग त्यांनी ते आत ठेवलं. वहिनी कुंची मांडीवर घेऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली होती.

तेवढ्यात मागून कुणाची तरी मुलगी ओरडली, "दाईमाँ, डायलॉग! एक बार!" बायका हसल्या. "हो हो, म्हणा ना!" फोन वर झाले.

मला वाटलं, आता ही उठून निघून जाईल. वहिनी उठली. पाळण्यापासून हातभर अंतरावर थांबली, वाकली, दोन्ही हात पुढे केले.

"ला," ती म्हणाली, "मेरी गोदी में दे."

असं तिने वर्षभरात एकदाही म्हटलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजाने बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं.

मधुरिमाबाईंनी ते झटकन उचललं. "बघितलं? घाबरली ना पोर! मी म्हणतच होते."

निशांत आईजवळ आला. वाटलं, आता तरी बोलेल. "आई," तो हळूच म्हणाला, "थोडा वेळ बाहेर बस ना, प्लीज."

वहिनीने कुंची खुर्चीवर ठेवली आणि ती बाहेर गेली.

नाव आत्याने ठेवायचं. निशांतला बहीण नाही, म्हणून त्याची आत्या, मी. माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मी शकुनातही नाही आणि अपशकुनातही नाही. कानात कुजबुजायला चालते. मला बोलावलं. धपाटे घालायला बायका पाठीमागे जमल्या. मी रडणाऱ्या पोरीच्या कानाशी वाकले.

"तुझी आजी बाहेर बसलीय," मी तिला सांगितलं. नाव नंतर सांगितलं.