खालून वाचायची वही

"बाबा, हात हलवू नका."

"मी नाही हलवत. वारा हलवतोय."

डोंगराच्या पहिल्या शिखरावर, काळ्या कातळावर, मी दोन्ही हात पसरून उभा होतो. हातात गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, नळीत पाणी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. त्या पातळीवरून नजर सरळ पुढे नेली की समोरचं शिखर आपल्याहून उंच की ठेंगणं ते कळतं. फक्त समोरचं शिखर दिसावं लागतं. आमच्यासमोर धुकं होतं.

"फोनवर आहे की उंची," मुलगी म्हणाली.

"तो आकडा माझ्याच नकाशावरून उचललाय. म्हणजे माझं खरं का खोटं, ते मलाच विचारायचं."

पस्तीस वर्षं मी मोजणी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. डोंगर चढणारे वेगळे, मी ते टेबलावर काढायचो. या डोंगराची दोन शिखरं, मधली अरुंद धार, सगळं माझ्या हातचं. धार काढायला मला दुपारचे दोन तास लागले होते. आज सकाळपासून माझे गुडघे त्याचा जाब विचारत होते.

शंका आली ती गेल्या वर्षी, निवांत बसलेलो असताना. आमच्या खात्यात मोजणीची वही पानाच्या तळापासून वर लिहितात. मोजणारा जसा पुढे चालतो, तसं लिखाण वर सरकतं. नवखा माणूस ती वरून खाली वाचतो आणि तोंडघशी पडतो. मी नवखा नव्हतो. पण या शिखरांचे आकडे वहीवरून नकाशावर चढवत होतो त्याच दिवशी दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली. राहिलेलं पान मी घाईघाईने उरकलं. वरून वाचलं की खालून? ते पान आठवायला गेलो की कधी असं दिसतं, कधी तसं. वही केव्हाच रद्दीत गेली. वरून वाचलं असेल तर दोन्ही शिखरांच्या उंचीची अदलाबदल झालेली असणार.

"म्हणजे खापर माझ्यावर!" मुलगी हसली.

"तुझ्यावर कशाला? आईचा प्रश्न आहे."

बायको नर्स होती. आठ वर्षांपूर्वी, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, ती वॉर्डातल्या मैत्रिणींबरोबर हा डोंगर चढून आली. आल्या आल्या माझ्या टेबलावर एक चपटा दगड ठेवला. गंजाच्या रंगाचा, मधून पांढरी रेघ. म्हणाली, "सगळ्यात उंच शिखरावरचा आहे हो. बाकीच्या म्हणत होत्या, समोरचं उंच दिसतंय, तिकडे जाऊ. मी म्हटलं, नकाशात आमच्या ह्यांचं अक्षर आहे, ते चुकायचं नाही. मी पहिल्यावरच बसून राहिले."

मला आभाळ ठेंगणं झालं. ऑफिसात चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी चुकलो असेन, तर माझ्या एका आकड्यापायी ती खऱ्या उंच शिखराकडे पाठ फिरवून परतली होती. हे मला सहन होत नव्हतं. तो दगड आज खिशात घेऊन आलो होतो. जे शिखर खरं उंच ठरेल तिथे ठेवायचा होता.

धुकं क्षणभर फाटलं. मी नळीवरून पाहिलं. समोरचं शिखर पाण्याच्या वर होतं.

"खाली आहे की," मुलगी म्हणाली.

आम्ही जागा बदलल्या. आता ती म्हणाली वर, आणि मला खाली वाटलं. तोवर धुकं पुन्हा मिटलं.

"चला, तिथूनच बघू," ती म्हणाली.

धारेवर आम्ही दोनदा वाट चुकलो आणि दोनदा त्याच वाकड्या खडकापाशी आलो. मागचं शिखर डावीकडे राहिलं की उजवीकडे, तेही मला सांगता येईना.

"नकाशा तुम्हीच काढलाय ना?"

"काढला तेव्हा मी खुर्चीत होतो गं."

दुसऱ्या शिखरावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. धाप ओसरेपर्यंतही मी थांबलो नाही. नळी धरली. मागचं शिखर पाण्याच्या चांगलंच खाली होतं. मुलीनेही पाहिलं. या वेळी आमचं दोघांचं एकमत झालं.

"चुकलो," मी म्हणालो आणि मटकन बसलो. मला रडू आलं. बायको इथे यायला हवी होती, तिला मी अडवलं होतं. मी खिशातून दगड काढला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "खाली बघा."

माझ्या पायांशी सगळे दगड गंजाच्या रंगाचे होते. प्रत्येकातून पांढरी रेघ. पहिल्या शिखरावर काळ्या कातळाशिवाय काही नव्हतं, हे आम्ही दोघांनी नुकतंच पाहिलं होतं.

"आई इथे आली होती," ती म्हणाली. "हा दगड इथलाच आहे."

"म्हणजे तिला कळलं होतं?"

"कळलंच असणार. तुम्ही तेव्हा निवृत्त होणार होता. एकही आकडा चुकला नाही म्हणून सगळ्यांना सांगत होता."

"त्यानंतर सहा वर्षं होती की ती. एकदा तरी सांगायचं."

मी आनंदी व्हावं की खजील, ते मला समजेना. ती इथवर आली होती, आणि घरी येऊन माझ्यासाठी खोटं बोलली होती.

मागून एक नवरा-बायको चढत आले. बाईंच्या हातात माझा नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. "काका, उंच शिखर मागचंच ना? आम्ही उगाच पुढे आलो का?"

"नाही, हेच उंच," मी म्हणालो. "नकाशा चुकलाय. मीच काढलाय तो."

परक्यांसमोर हे बोलायची माझी पहिलीच वेळ. बाईंनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली.

"ठेवताय ना दगड?" मुलीने विचारलं.

मी तो थोडा वेळ तळहातावर धरला. मग "तिने माझ्यासाठी नेलेला आहे तो," म्हणत पुन्हा खिशात घातला आणि मुलीच्या हाताला धरून उठलो.