बाणबाईचा आठवडा

कारखान्यात तिला सगळ्या जणी बाणबाई म्हणायच्या. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शिवणयंत्रांच्या कितीही घरघरीत माणसाला आपलं नाव बरोबर ऐकू येतं. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट थोडा अभिमानच होता. शर्टांच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं ती शेवटच्या टेबलाशी उभी होती, ट्यूबलाइटखाली. आलेला शर्ट पसरायचा, कॉलर बघायची, कफ, बटणपट्टी, काखेतली शिवण, खालची दुमड, मग शर्ट पालथा घालून पुन्हा तेच. खोट सापडेल तिथे लाल कागदी बाण चिकटवायचा आणि शर्ट जिने शिवला तिच्याकडे परत धाडायचा. दीड मिनिटाला एक शर्ट. चांगल्या शर्टाला काही चिकटवायचं नसतं, तो नुसता पुढे सरकवायचा. त्यामुळे एखादी गोष्ट चांगली आहे असं तोंडाने म्हणायची वेळ तिच्यावर बावीस वर्षांत आलीच नाही.

आणि डोळ्यांना लागलेलं वळण काही सुट्टी झाली म्हणून सुटत नाही. नवरा होता तोवर त्याच्या घोरण्यापासून त्याच्या भावांच्या बोलण्याचालण्यापर्यंत सगळ्याला घरी बाण लागायचे. तो बिचारा शांत माणूस. ऐकून घ्यायचा आणि वर्तमानपत्राआड जायचा. पुढे एका आजारपणात कायमचाच आड गेला. एकुलत्या लेकीला मात्र आड जायला जागा नव्हती. रोज सकाळी शाळेला निघताना ती दारात उभी राहायची आणि आई म्हणायची, "वळ." लेक वळायची. रिबीन, कॉलर, मोजे, दप्तराचा पट्टा, सगळी तपासणी व्हायची. लग्नाच्या दिवशी लेक नटूनथटून खोलीबाहेर आली, तेव्हाही आई तेच म्हणाली आणि पाठीवरचा एक हूक उघडा सापडला. तो लावताना आईचे डोळे भरून आले होते, पण ते लेकीच्या पाठीमागे. लेकीच्या वाट्याला आला तो नुसता शब्द.

निवृत्तीच्या दिवशी बाणांचं अर्धं रीळ तिच्या पिशवीत राहून गेलं. घरी आता बाण लावायला कुणी उरलं नव्हतं. दोन महिने तिने स्वतःच्याच भांड्यांना आणि भिंतींना नावं ठेवून काढले. मग कळलं की लेकीची शेजारीण गाव सोडून चालली आहे. शाळा सुटल्यावर नातीला तीच सांभाळायची. नात सहा वर्षांची, एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. लेक एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत पाचपर्यंत अडकलेली. ती आता पगारी बाई शोधत होती.

बाणबाई तडक लेकीकडे गेली. मी धडधाकट असताना पोर परक्या बाईच्या हाती द्यायची काय गरज, असं तिने विचारलं. लेकीने आधी गॅस बंद केला, मग आईकडे न बघताच म्हणाली, "परकी बाई तिला वेळेवर खायला घालेल आणि गप्प बसेल. तुला पहिलं जमेल. दुसरं नाही जमायचं."

हे तिला फार झोंबलं. उत्तर जिभेवर तयार होतं, पण तिने ते गिळलं, कारण तिला नात हवी होती. खोटं कशाला बोला, त्या पोरीशिवाय तिला आता जगात काहीच नको होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने पहिल्यांदाच कुणाची तरी मनधरणी केली. एक आठवडा दे, म्हणाली. लेकीने बराच वेळ विचार करून सोमवार ते शुक्रवार दिले आणि अट घातली. भिंगरीच्या चित्रांना, केसांना, खाण्याला, चालण्याला, कशालाही नावं ठेवायची नाहीत. या घरातल्या कुणालाच काही बोलायचं नाही. एवढं पाळलं तर कायमची ये, नाहीतर नको. आईने कबूल केलं.

आता तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सोमवारी भिंगरीने उजवा बूट डाव्या पायात घातला आणि तशीच घरभर फिरली. आजी भिंतीकडे बघत राहिली. मंगळवारी केसांत ब्रश अडकला, दूध अर्धं पेल्यात अर्धं टेबलावर गेलं, पेन्सिली सोफ्याखाली गेल्या. आजीच्या तोंडात शब्द यायचे आणि ती ते कडू गोळीसारखे गिळून टाकायची. बुधवारी तर भिंगरी स्वतःहून तिच्या मांडीवर येऊन बसली. पाठीवर फ्रॉकची शिवण उसवलेली समोर दिसत होती. आजीने त्या शिवणीवर नुसता हात ठेवला. आपण जिंकतोय असं तिला वाटलं.

पण स्वयंपाकघरात तिचं जुनं खातं चालूच होतं. दूध उतू गेलं की, "डोळे फुटले का गं तुझे?" चमचा हातातून सुटला की, "हात मोडले मेलीचे." किल्ली कुठे ठेवली ते आठवेना की, "डोक्यात भुसा भरलाय नुसता. काही कामाची नाही ही बाई." हे सगळं ती स्वतःला म्हणायची, पुटपुटत, उठता-बसता, इतक्या वर्षांच्या सवयीने की आपण बोलतोय हे तिच्या कानांवरही पडत नव्हतं. अट तिने अक्षरशः पाळली होती. घरातल्या कुणालाच काही बोलायचं नाही, असं लेक म्हणाली होती, आणि स्वतःला ती माणसांत धरतच नव्हती.

गुरुवारी भिंगरीला पिशवीत ते रीळ सापडलं. हे कशाला असतं, तिने विचारलं. कुठे चुकलंय ते दाखवायला, आजी म्हणाली. मग तो शर्ट फेकून देतात का? नाही, परत पाठवतात. भिंगरीने एक बाण सोलला, बोटावर घेतला आणि विचारलं, "तू चुकलीस की तुला कुठे पाठवतात?"

आजी हसली. ती एकदा चुकली होती. टेबलाशी उभी राहून तीनच वर्षं झाली होती तेव्हा. निळ्या शर्टांचा एक मोठा माल तिने पुढे सरकवला. त्याच्या बाह्या एका ताग्यातल्या आणि अंग दुसऱ्या ताग्यातलं. ट्यूबखाली दोन्ही निळे रंग अगदी सारखे दिसले. उन्हात काढल्यावर बाह्या निराळ्या दिसायला लागल्या. सगळा माल परत आला आणि बाह्या शिवणाऱ्या ओळीतल्या नऊ जणींना घरी बसवलं. तिला ठेवलं, कारण टेबलाला माणूस लागतो. त्या नऊ जणींत तिची मैत्रीण होती, रोज डबा वाटून खाणारी. कारखान्याच्या फाटकाशी मैत्रिणीने तिचे दोन्ही हात धरले. "ट्यूबखाली कुणालाही दिसलं नसतं गं," म्हणाली. जिची नोकरी गेली तीच समजूत घालत होती. बाणबाईने हात सोडवून घेतले आणि पुन्हा कधी तिला भेटली नाही. त्या दिवसापासून तिने स्वतःला टोचायला सुरुवात केली. सतत टोचत राहिलं तर पुन्हा चूक होणार नाही, असा तिचा हिशेब होता. आणि जी स्वतःला सोडत नाही ती दुसऱ्याला कशी सोडणार?

भिंगरीला यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. खेळ हवं तर, म्हणून तिने रीळ तिला देऊन टाकलं.

शुक्रवारी लेक लवकर आली, चारच्या सुमाराला. भिंगरी आतल्या खोलीत घोडा काढत बसली होती. लेकीने स्वतः चहा केला, दोन कप घेऊन आईसमोर बसली. हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. भिंगरी या आठवड्यात नीट जेवली, शाळेतून हसत आली, असं तिने सांगितलं. मग कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुला जमेल. सोमवारपासून रोजच ये."

बाणबाईला इतका आनंद झाला की तिने चहाला हातही लावला नाही. तेवढ्यात भिंगरी बाहेर आली. डाव्या हातात चित्र होतं आणि उजव्या हाताच्या पाचही बोटांवर लाल बाण होते. मनगटावर आणखी एक.

"हे काय गं?" लेकीने विचारलं.

"घोड्याचा पाय चुकला," भिंगरी म्हणाली. मग बाण लावलेला हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडेच बघत म्हणाली, "मोडका मेला. काही कामाचा नाही हा हात." आवाजात राग नव्हता. अगदी आजीसारखी, सवयीने पुटपुटल्यासारखं ती म्हणाली.

लेकीने आईकडे पाहिलं. बाणबाईचा चेहरा उतरला. मी तिला एका शब्दाने बोलले नाही, ती म्हणाली, विचार हवं तर तिलाच.

"आजी मला कध्धीच बोलत नाही," भिंगरीने साक्ष दिली. "आजी आजीलाच बोलते."

लेकीने चित्र टेबलावर ठेवलं, मुलीला जवळ ओढलं आणि एकेक बाण सोलायला घेतला. कागद चांगला चिकटला होता, कातडी थोडी ओढली जात होती. ती बोलायला लागली तेव्हा आवाज खाली होता आणि नजर त्या बोटांवर. "मलाही ऐकू येतं ते. काचेची नळी हातातून पडली की, आरशात बघितलं की. तुझ्याच आवाजात. मला वाटलं होतं, ते माझ्यापाशीच थांबवेन. तुला घरात घेतानाच कळायला हवं होतं मला. एवढंही कळलं नाही. कसली आई मी."

शेवटचे शब्द ऐकून बाणबाईने लेकीकडे नीट पाहिलं. लेक वळली नव्हती, पण पाठीवरचा हूक पुन्हा उघडा दिसावा तसं तिला सगळं दिसलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या गोष्टीवर बाण लावावासा वाटला नाही.

"ट्यूबखाली कुणालाही दिसलं नसतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी चूक नाही बाळा."

लेकीचा हात थांबला. तिशी ओलांडलेली बाई, पण खालचा ओठ लहान मुलीसारखा थरथरला. हे आधी कधी म्हणाली नाहीस, ती म्हणाली. मलाही एकीने म्हटलं होतं, आई म्हणाली, मी घेतलं नाही. लेकीने शेवटचा बाण सोलून त्याची गोळी केली आणि डोळे पुसले.

"तरी सोमवारी नको येऊस," ती म्हणाली. "मी पगारी बाईच ठेवते. तू रविवारी येत जा. मी घरात असताना."

बाणबाईने मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं, शर्ट परत पाठवण्याचाच होता. काहीतरी करायचं म्हणून तिने कपाकडे हात नेला. कप कलंडला, गार झालेला चहा टेबलभर पसरला आणि घोड्याच्या चित्राखाली शिरला.

भिंगरी आजीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, वाट बघत. ते शब्द आलेच होते, दातांच्या मागे येऊन थांबले होते. बाणबाईने ते धरून ठेवले. मग फडकं ओढून घेतलं.

"सांडलं," ती म्हणाली. "होतं असं. पुसू या आपण."

भिंगरी आजीची बाही ओढून, तिला आठवण करून द्यावी अशा मायेने म्हणाली, "आजी, हात मोडले म्हणायचं राहिलं."