चाचणीचा हात

कचेरीत तिला सगळे खोलीबाई म्हणायचे. खोल्या झाडायच्या-पुसायच्या नव्हेत, पडद्यावरच्या. कुठल्या शाखेची बैठक, कुणाची मुलाखत, कुणाचं प्रशिक्षण, सगळ्यांसाठी ऑनलाइन खोली उघडायची, माणसं आत घ्यायची, ज्याचा आवाज येत नाही त्याचा आणायचा आणि ज्याचा नको तेवढा येतोय त्याचा बंद करायचा. शेजारी शेजारी बसून दोघांनी दोन फोन लावले की आवाज घुमतो, हे ती साहेबांना दर बैठकीत नव्याने समजावून सांगायची.

"साहेब, तुमचं बोलणं दोनदा ऐकू येतंय."

"बरंय की. एकदा म्हटलेलं कोण ऐकतं इथे?"

तिची एक पद्धत होती. प्रत्येक खोलीत ती स्वतःखेरीज आणखी एक पाहुणा बसवायची. एक टॅब, कॅमेऱ्यावर पट्टी, माइक बंद, नाव 'चाचणी'. बाकीच्यांना काय दिसतंय, काय ऐकू येतंय, ते त्या टॅबवर कळायचं. खोली उघडली की तो आपला आपणच आत येऊन बसेल, अशी सोय तिने करून ठेवली होती. त्याच्या चौकोनाची डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की दाराशी रोज पडलेल्या चपलांसारखा तो दिसेनासाच झाला होता. एकच खोड होती. सगळं ठीक दिसलं की ती टॅब टेबलाच्या खणात ठेवून द्यायची, आणि तिथे कशाचा तरी धक्का लागला की त्याचा हात वर व्हायचा. 'मला बोलायचंय' असं सांगणारा पडद्यावरचा तो पिवळा हात. बोलता बोलता ती तो खाली करून टाकायची, बाहीवरचा दोरा झटकावा तसा.

मध्यंतरी कचेरीने नवा टॅब दिला. त्याचंही नाव तिने 'चाचणी'च ठेवलं आणि जुना आईला दिला, गाणी ऐकायला, नातवंडांचे फोटो बघायला. कचेरीच्या खोल्यांमधून त्याला काढलं. पण घरच्यांशी बोलायला तिची स्वतःची एक कायमची खोली होती, तिच्यातून काढायचं राहून गेलं. ती खोली उघडली कुणी होती म्हणा. भावंडांचं सगळं फोनवरच चालायचं.

देताना आईला बटणं मात्र सगळी दाखवली होती.

"हा हात कशाला गं?"

"खोलीत बोलायचं असलं की तो दाबायचा. मग बाकीचे थांबतात."

"आम्ही आपलं तोंड उघडायचो."

आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण दूरच्या शहरांत. आई न्हाणीघरात पडली, तेव्हा नुसती चर्चा झाली. नंतर एका दुपारी शेजारणीला गॅसचा वास आला, दार ठोठावलं, तर आई आत झोपलेली. त्यावर दादाने फर्मान काढलं, की आता तिघांनी समोरासमोर बोलायलाच हवं. कचेरी सुटल्यावर ती रिकाम्या बैठकीच्या खोलीत एकटी बसली आणि तिने आपली कायमची खोली उघडली. दादा आला, धाकटी आली. कोपऱ्यात चाचणी येऊन बसली.

"ती जागा चांगली आहे," दादा म्हणाला. वृद्धाश्रम हा शब्द तिघांपैकी कुणीच तोंडातून काढत नव्हतं. "डॉक्टर आहे, बाग आहे, सोबत आहे."

"पण आईला विचारायला नको?"

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार," धाकटी म्हणाली. "आपण लहान असताना औषध पाजायच्या आधी विचारायची का ती?"

"गॅस चालू ठेवून झोपली होती ती," दादा म्हणाला. "उद्या शेजारीण गावाला गेलेली असली म्हणजे?"

चाचणीचा हात वर झाला. तिने तो खाली केला.

"महिनाभर विश्रांतीला म्हणून सांगू या," दादा म्हणाला. "मग होईल सवय हळूहळू."

"खोटं सांगायचं?"

"खोटं कुठे? महिनाभर तर राहीलच ना."

धाकटीला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. "ते शिलाई मशीन मात्र भंगारात घालू नका हं," ती म्हणाली. "मला हवंय."

हात पुन्हा वर झाला. तिने पुन्हा खाली केला.

"पण सांगणार कोण?"

"तूच गं. तू जवळ आहेस. तुझं ऐकते ती."

ती थकली होती. हल्ली आईचा फोन वाजला की उचलायच्या आधीच ती चपला शोधायला लागायची. कुणीतरी हे ओझं उतरवून घेतंय म्हटल्यावर ते कुठल्या रस्त्याने उतरतंय हे बघायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सांगते."

खोली बंद करून ती आवराआवरीला लागली. टॅब चार्जिंगला लावावा म्हणून खण उघडला. टॅब गारठण्ण. बटण दाबलं, पडदा काळाच. दुपारी साहेबांच्या फोनला हवा म्हणून तिनेच त्याचा चार्जर काढून दिला होता.

बंद पडलेला टॅब खोलीत येत नाही. हात तर वर करतच नाही.

तिने खाली बसून पुन्हा आपली खोली उघडली आणि वाट पाहिली. थोड्याच वेळात कोपऱ्यात काळा चौकोन आला. चाचणी. एक तिच्या मांडीवर मेल्यासारखी पडलेली आणि एक खोलीत येऊन बसलेली.

"आई?" ती म्हणाली.

माइक बंद होता. दुसऱ्याचा माइक तिला इथून उघडता येत नव्हता, नुसती विनंती पाठवता यायची. तिने पाठवली. उत्तर आलं नाही. मग चौकोन नाहीसा झाला. चाचणी खोलीतून निघून गेली होती.

ती पोचली तेव्हा आईचं दार नुसतं लोटलेलं होतं. टॅब साखरेच्या डब्याला टेकून उभा. आई शिलाई मशीनला तेल घालत होती.

"ये. धाकटीला सांग, तेलपाणी करून ठेवलंय म्हणावं."

"आई, तू तिथे आहेस हे मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मला तरी कुठे माहीत होतं? गाणी लावायला हातात घेतला, तर समोर तुम्ही तिघं. म्हटलं, वा! आपल्यालाही बोलावलंय." आईने तेलाची कुपी पुसली. "हात वर केला, तू दाखवला होतास तसा. तो खाली आला. म्हटलं, नीट दाबला गेला नसेल. पुन्हा केला."

नेटवर्कची अडचण होती, मशीनच असं करतं, ही वाक्यं दिवसभर तिच्या तोंडात घोळलेली असायची. आत्ताही जिभेच्या टोकावर आली. आईने विश्वासही ठेवला असता.

"मी खाली केला," ती म्हणाली.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. मला वाटलं, माझा टॅब आहे."

आईने मशीनचं चाक हाताने फिरवून पाहिलं. छान सुळसुळीत फिरलं.

"सांग मग. उद्यावर कशाला टाकतेस? महिनाभर विश्रांतीला, ना?"

तिला वर बघवेना. "तुला काय म्हणायचं होतं?" तिने विचारलं.

आई उठली. पडल्यापासून ती भिंतीला हात लावत चालायची, तशीच ओट्यापाशी गेली. गॅसचं बटण उघडून पुन्हा बंदच्या खुणेवर आणलं आणि आपल्या कानाकडे बोट केलं. बारीक सूं ऐकू येत होतं. लेकीने घाईघाईने सिलिंडरचा खटका बंद केला, मग बटण हलवून बघितलं. ते दांड्यावर नुसतंच गरगरत होतं.

"सैल झालंय म्हणून कधीपासून सांगतेय तुला. तू म्हणायचीस, रविवारी बघते."

काय अडचण आहे ते नीट सांगा, असं ती दिवसभर लोकांना बजावायची. इथे तर नीटच सांगितलं होतं.

"आणि पडलीस ते?"

"ते पडलेच. त्यात बटणाचा काय दोष?" आई स्टुलावर बसली. गुडघा चोळत म्हणाली, "जाणार नाही असं म्हणत नाहीये मी. जाईनही. रात्री उठायची भीती वाटते आताशा. माझं अजून ठरायचं होतं. पण तुमचं ठरलं."

तिने विचारलं, "पुन्हा बसू या? आत्ताच्या आत्ता?"

"त्यांना वेळ असेल?"

"नसला तर काढतील."

तिने टॅब घेतला. कॅमेऱ्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली. पडद्यावर एक म्हातारी बाई बिचकून मागे सरली.

"अगंबाई, अशी दिसते मी?" आईने केस सारखे केले. मग खाली बोट दाखवलं. "ते चाचणी काय म्हणून लिहिलंय? बदल ते."

"काय लिहू?"

"आई लिही. म्हणजे कोण बोलतंय ते कळेल त्यांना."

तिने लिहिलं, माइक चालू केला आणि भावंडांना आपल्या फोनवरून बोलावून घेतलं. धाकटी आधी आली, नाव वाचलं आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिली. मग दादा. "आता काय राहिलं गं? ठरलं ना सग..."

दादा गोठला. नेट अडकलं की माणूस असाच दिसतो, तोंड उघडं, डोळे एका जागी. पण तिची नजर तयार होती. त्याच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता.

आईने चष्मा सावरला, बोट नेमकं नेऊन बटण दाबलं. पिवळा हात वर आला. लेकीने आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"बोल, आई," दादाच म्हणाला. त्याचा आवाज नीट येत नव्हता, आणि ते दुरुस्त करणं तिच्या हातात नव्हतं.

"आवाज येतोय ना माझा?" आईने विचारलं. "मग ऐका. आधी गॅसचं."