टाकीवरची सावली

“छत्री कशाला आणलीत, काका?” रडारवरच्या इंजिनिअर तनुजा मॅडमनी हसत विचारलं, आणि रामकिसननं हातातली नोंदवही पटकन मिटली.

छत्री आणली होती रडारच्या पडद्यावरच्या ढगासाठी. दुष्काळाचं दुसरं वर्ष, नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि कालपासून गंगापूरच्या माथ्यावर हा जाडजूड ढग. पाऊस पाडण्यासाठी त्यावर मिठाची फवारणी करायला अकराला विमान उडणार होतं. पण आत्ताच नोंदवही चाळताना रामकिसनला दिसलं, की आठ दिवसांपासून यंत्र सगळंच चौपट करून दाखवतंय.

रामकिसनचं रोजचं काम ठरलेलं होतं. रडारच्या लहर सोडणाऱ्या आणि परत घेणाऱ्या अशा दोन्ही डब्यांची घड्याळं जुळवायची, मग मैलभरावर दगडाबाईंच्या गच्चीत बसवलेल्या पत्र्याच्या त्रिकोणाकडे लहर सोडायची. ती किती जोरानं परत येते हे ठाऊक असतं; कमी पडली तर यंत्र आपणहून वाढवून घेतं. म्हणून आधी गच्चीवर जाऊन त्रिकोण डोळ्यांनी पाहायचा असतो. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला हा शहाणा माणूस, गुडघे दुखतात म्हणून, आठ दिवस खुर्चीत बसूनच ‘पाहिला’ असं लिहीत होता.

“आलोच, मॅडम,” म्हणून त्यानं छत्री काखेत मारली आणि स्कूटर काढली.

त्रिकोण जागेवर नव्हता. पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता, रडारकडे पाठ करून.

“पाणी लई तापत व्हतं, भाऊ. हाताला चटका बसायचा,” दगडाबाई म्हणाल्या. “सावली केली. काय बिघडलं का?”

रामकिसनचं कंत्राट सहा महिन्यांचं; एका फोननं संपलं असतं. विमान नुसतं फिरून आलं तर कुणाला कळणार होतं? ढग विरला म्हणता आलं असतं. आपल्याला हे सुचतंय, याची त्याला जास्तच भीती वाटली. त्यानं त्रिकोण उचलून खुणेवर बसवला आणि फोन लावला.

“मॅडम, इमान थांबवा. परत जुळवून बघा. त्रिकोण हलला व्हता. मी बघितलाच नाय. आठ दिवस खोटं लिवलं.”

पलीकडे विमान थांबवायचा निरोप आणि यंत्राच्या बटणांचे आवाज ऐकू आले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काका, ढग गेला.”

“गेला नाय, मॅडम. एवढा नव्हताच.”

“वही घेऊन साहेबांकडं जावं लागेल.”

“येतो.”

दगडाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. “पाऊस येनार ना, भाऊ?”

“आज नाय, मावशी.”

त्यानं छत्री उघडली, तिचा दांडा सुतळीनं टाकीच्या पाइपाला घट्ट बांधला. सावली नीट पडतेय ना हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मग तो एकेक पायरी जिना उतरला.